ठणठणीत कुत्र्याला सलाईन

मनुके खाल्लेला कुत्रा पहिले काही तास अगदी ठणठणीत दिसतो. शेपूट हलवतो, बॉल आणून देतो, आणखी काही मिळेल का म्हणून आपल्या तोंडाकडे बघत बसतो. आमचा बंड्याही तसाच दिसत होता आणि तशाच अवस्थेत आम्ही त्याला दवाखान्यात दाखल केलं. पुढे काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. कारण अशा वेळी 'काय खाऊ घालू नये' याच्या याद्या ढिगाने सापडतात, पण खाल्ल्यानंतर प्रत्यक्ष काय करतात हे नीट सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नव्हतं.

बंड्या बीगल आहे, वजन ११ किलो. बीगल पाळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. हे कुत्रं नाकाने जगतं, आणि पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही. माझा मावसभाऊ मुक्कामाला आला होता. त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून ठेवलेलं सुक्या मेव्याचं पाकीट होतं. बंड्याने चेन सरकवली, पाकीट फाडलं आणि आम्ही खोलीत आलो तेव्हा तो बदाम बाजूला ठेवून बाकीचं निवडून खात होता.

पाकिटात मनुके, बदाम आणि काळ्या चॉकलेटचे तुकडे. आई पहिल्यांदा म्हणाली, "अगं, चॉकलेट खाल्लं का त्याने?" चॉकलेट कुत्र्याला वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. मनुक्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. फळच ते, वाळवलेलं. त्यात घाबरण्यासारखं काय?

खरं तर त्या पाकिटातली घाबरण्यासारखी गोष्ट म्हणजे मनुकेच होते. चॉकलेटचा हिशोब करता येतो. त्यातलं थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, निम्मं कमी व्हायलाच साधारण १७-१८ तास लागतात. म्हणून ते माणसापेक्षा त्याला कितीतरी जास्त बाधतं. पण किती खाल्लं तर काय होतं याचे आकडे ठरलेले आहेत. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोचलं की उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो. ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. पाकिटावर घटकांची टक्केवारी छापलेली होती. त्यावरून बंड्याच्या पोटात काळं चॉकलेट फार तर १० ग्रॅम गेलेलं. काळ्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण ५ मिलिग्रॅम थिओब्रोमाइन धरलं, तर किलोमागे साडेचार-पाच मिलिग्रॅम. त्या बाजूने जिवाला धोका नव्हता. भाऊ सुस्कारा टाकून खाली बसला.

मनुक्यांना असा हिशोब लागू होत नाही. कुणी मूठभर खाऊन सुखरूप राहतो, तर कुणाची थोड्याशाच मनुक्यांनी किडनी बंद पडते. तोवर नोंदल्या गेलेल्या केसेसमध्ये किडनी निकामी व्हायला कारण ठरलेलं सर्वांत कमी प्रमाण किलोमागे सुमारे २.८ ग्रॅम मनुके, द्राक्षं असतील तर किलोमागे १९-२० ग्रॅम. पण त्याच्या खाली गेलं म्हणजे सुरक्षित, असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. आणि बंड्याने तर अंदाजे ४० ग्रॅम खाल्ले होते. ४० भागिले ११. मी भावाला आकडा सांगितला नाही, फोन लावला.

डॉक्टरांनी धडाधड प्रश्न विचारले. काय खाल्लं, किती, कधी, वजन किती, आधीपासून काही आजार आहे का, कुठलं औषध चालू आहे का, उलटी झाली का, आत्ता कसा आहे. 'कधी' याचं उत्तर आम्हाला नेमकं देता येत होतं. भाऊ अंघोळीला गेल्यापासून तो परत येईपर्यंत, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. हे कळल्यावर डॉक्टरांचा आवाज जरा सैल झाला. मग त्यांनी पाकिटावरचे घटक वाचून दाखवायला सांगितले, त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ती गोडी, आहे का ते बघायला. नव्हतं. ते असतं तर सगळाच क्रम बदलला असता, असं ते नंतर म्हणाले.

"घरी उलटी करवायला जाऊ नका. मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका. पाकीट घ्या आणि निघा."

मिठाचं पाणी ही सूचना मला वाटतं प्रत्येक कुत्रेवाल्याच्या घरात मोठ्या अक्षरांत लावायला हवी. कारण ते पहिल्यांदा सुचतं, आणि आमच्याकडेही आईच्या हातात मिठाचा डबा आलेला होता. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम चढतं आणि त्यानेच कुत्र्याला झटके येऊ शकतात. उलटीसाठी पाजतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडचंही फारसं बरं नाही. त्याने जठराचं आतलं अस्तर सोलवटतं, कधी व्रण पडतात. शिवाय घरी जबरदस्तीने पाजताना द्रव फुप्फुसात जाण्याची भीती. चपट्या तोंडाच्या पगसारख्या कुत्र्यांत ती आणखी जास्त.

दवाखान्यात पोचल्यावर वजन, तापमान, ठोके, हिरड्यांचा रंग, सगळं भराभर झालं. सगळं नॉर्मल. मग अ‍ॅपोमॉर्फिनचं इंजेक्शन. हे औषध थेट मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चिथावतं. डोळ्यात टाकायचे रोपिनिरोलचे थेंबही याच कामासाठी निघाले आहेत, पण आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनच दिलं. काही मिनिटांत बंड्या ओठ चाटायला लागला, लाळ गळायला लागली, मान खाली गेली आणि मग सुरू झालं.

पुढचं वर्णन जेवताना वाचू नये. मनुके पोटातल्या ओलाव्याने टम्म फुगलेले, पुन्हा द्राक्षांच्या वाटेला लागलेले. कंपाउंडर एका काडीने ते वेगळे करत होता आणि मी व भाऊ वाकून मोजत होतो. एक-एक मनुका दिसला की आम्ही दोघं खुश. अशा गोष्टीने इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. द्राक्षं-मनुके जठरात बराच वेळ गोळा होऊन पडून राहतात, त्यामुळे दोन तास उलटून गेल्यावरही उलटी करवायला अर्थ असतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. इतर बऱ्याच पदार्थांत तोवर गाडी पुढे निघून गेलेली असते.

पण सगळं कधीच बाहेर येत नाही. पोटातलं साधारण निम्मं निघालं तरी उलटी चांगली झाली असं धरतात. म्हणून मळमळ थांबवायला मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिल्यावर कोळसा आला. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल. मनुक्यांतल्या विषावर त्याचा उपयोग किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही, काही जण देतच नाहीत. पण चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन कोळसा चांगलं धरून ठेवतो. आमच्या पाकिटात दोन्ही होतं, म्हणून एक डोस द्यायचं ठरलं. डब्यातल्या ओल्या खाण्यात काळी पूड कालवून समोर ठेवली. नुकत्याच इतक्या उलट्या झालेल्या कुत्र्याने ती बशी चाटून पुसून लख्ख केली. तोंड, मिशा, छाती, टेबल, कंपाउंडरचा शर्ट, सगळं काळं.

इथवर आल्यावर आम्हाला वाटलं, झालं, आता घरी जायचं. डॉक्टर म्हणाले, दाखल करू या. किमान ४८ तास सलाईन आणि खाल्ल्यापासून ७२ तासांपर्यंत रक्ततपासण्या.

आईला हे पटेना. आणि मी तिला दोष देणार नाही. समोर कुत्रा उड्या मारतोय, दारातल्या मांजराकडे बघून भुंकतोय. "अहो डॉक्टर, हा तर खेळतोय. काही झालं तर आणू ना लगेच."

डॉक्टरांनी तिला जे समजावलं त्यानेच खरं तर मलाही समजलं. काही झालं तर आणू, हे इथे चालत नाही. उलट्या बहुतेक पहिल्या दिवसातच होतात, मग कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो. लघवी कमी होणं किंवा पार थांबणं हे पुढच्या एक ते तीन दिवसांत कळतं. तोवर किडनीच्या बारीक नळ्यांमधल्या पेशी मेलेल्या असतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, हा आपला नेहमीचा मापदंड, पण तो वर चढायलाच किडनीची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता जावी लागते. चार माणसांतली तीन उठून गेली तरी चौथा एकटा काम ओढत राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही, तसं. एसडीएमए नावाची दुसरी तपासणी थोडं आधी बोलते, पण तीही बिघाड सुरू झाल्यावरच.

मी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नंतर वाचला. द्राक्षं किंवा मनुके खाऊन किडनी निकामी झालेल्या ४३ कुत्र्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. वाचले २३. म्हणजे लक्षणं दिसून किडनी बसल्यावर उपचार सुरू झाले, तर निम्म्याहून थोडे जास्त. आणि खाल्ल्या खाल्ल्या उलटी करवून सलाईन लावलेले कुत्रे बहुतेक सगळे सुखरूप घरी जातात. या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे सगळी गोष्ट. ते अंतर कुत्रा खेळत असतानाच कापायचं असतं.

मनुक्यांत नक्की काय असतं, हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. बुरशी म्हणून झालं, कीटकनाशक म्हणून झालं. मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा मिळाला तो घरी केलेल्या खेळायच्या मातीमुळे. त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार, भरपूर घालतात, आणि ती खाल्लेल्या कुत्र्याची किडनी हुबेहूब द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, त्यामुळे एका कुत्र्याला काही होत नाही आणि दुसरा मरतो याचाही उलगडा होतो. चिंचेतही हे आम्ल भरपूर असतं. तेव्हा आंबट-गोड म्हणून चिंचेचा गोळा कुत्र्याला चाटवणाऱ्यांनी तो हात आवरावा.

सलाईन लावण्याआधी रक्त आणि लघवी दोन्हींचे नमुने घेतले. हे आधीच का, तर सलाईन सुरू झालं की लघवी पातळ होते. मग किडनी लघवी घट्ट करू शकते की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. बंड्याच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती घट्ट, १.०३० च्या वर आलं, म्हणजे काम चोख. क्रिएटिनिन ०.९. ही आमची पायाची ओळ. पुढचे सगळे आकडे तिच्याशी ताडायचे होते.

मग पुढच्या पायाचे केस काढले, सुई लावली, गळ्यात तो प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा. पंप टिक टिक करत थेंब मोजून सोडत होता. आणि आमचं काम काय, तर लघवी तोलणं. अक्षरशः. पिंजऱ्यात शोषून घेणारे पॅड अंथरलेले असतात. कोरड्या पॅडचं वजन आधी घेऊन ठेवायचं, भिजलेलं पॅड काट्यावर ठेवायचं, फरक काढायचा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. किलोमागे ताशी एक ते दोन मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे बंड्याला ताशी निदान ११ मिलि, आणि सलाईन चालू असताना त्याहून बरीच जास्त. तो पिंजऱ्यात करायला तयार नव्हता, घरी शिकवलेलं विसरत नव्हता. दर काही तासांनी सलाईनची बाटली हातात धरून त्याला मागच्या अंगणात न्यायचं आणि पोटाखाली भांडं धरायचं. भांडं दिसलं की हा पाय खाली घ्यायचा. कंपाउंडरला त्याची युक्ती ठाऊक होती. झाडाच्या बाजूने, मागून, गुपचूप.

पाणी जास्त झालं तरी धोकाच. किडनीने हात टेकले तर आत गेलेलं सलाईन बाहेर पडत नाही, फुप्फुसात साचतं. म्हणून रोज वजन आणि झोपेतला श्वास मोजणं.

शेजारच्या पिंजऱ्यात एक लॅब्राडॉर होता, पोटाला टाके घातलेला. दाणे खाऊन टाकून दिलेलं मक्याचं कणीस त्याने गिळलं होतं. ते एक्स-रेत धड दिसतही नाही. सारखी उलटी, खाणं बंद, पोटाला हात लावू देत नाही, यावरून संशय आला आणि सोनोग्राफीत आतडं अडलेलं कळलं. त्याच्या मालकाशी आणि डॉक्टरांशी गप्पा मारता मारता माझ्या डोक्यातली फळांची यादी पार उलटीपालटी झाली.

याद्यांचा मोठा दोष असा की त्या सगळं एकाच ओळीत बसवतात. सफरचंदाच्या बिया, अ‍ॅव्होकॅडो, द्राक्षं, एकाखाली एक, सारख्याच लाल अक्षरांत. सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं हे खरं, पण त्या चावून, भरपूर खाल्ल्या तर प्रश्न. दोन-चार बिया गेल्या म्हणून कुणी रात्र जागवू नये. अ‍ॅव्होकॅडोतलं पर्सिन नावाचं द्रव्य पक्ष्यांना घातक आहे, कुत्र्यांत त्याची खरी भीती म्हणजे गुळगुळीत मोठी बी आणि भरपूर चरबी. आंब्याचा गर गोड, निर्धोक, आणि कोय मात्र थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेणारी. पीचची बी तशीच. म्हणजे बऱ्याच फळांत विष नसतं, माप चुकीचं असतं.

वेळेचंही तसंच. झायलिटॉल, म्हणजे बिनसाखरेच्या च्युइंगमात, काही पीनट बटरांत असणारी गोडी, कुत्र्याच्या स्वादुपिंडाला फसवून भसाभस इन्सुलिन सोडायला लावते. किलोमागे ०.१ ग्रॅमही पुरे. अर्ध्या-एक तासात, कधी त्याआधीही, साखर कोसळते आणि कुत्रा लडखडतो. जास्त गेलं तर यकृत जातं. तिथे मिनिटांचा खेळ. कांदा-लसूण याच्या उलट. तांबड्या पेशी हळूहळू फुटतात, हिरड्या फिक्या आणि लघवी काळपट दिसायला काही दिवस जातात, आणि तोवर कांदा खाल्ल्याचं घरात कुणाला आठवतही नाही. शिजवल्याने ते विष मरत नाही. मॅकाडेमिया नावाचा सुका मेवा खाल्लेला कुत्रा मागच्या पायांनी लुळा पडतो. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते, आणि तो बहुधा दोन दिवसांत उठून चालायला लागतो.

बंड्याच्या क्रिएटिनिनचा २४ तासांचा रिपोर्ट ०.९. आम्ही घरी फोन करून सांगितलं, आईने देवाला साखर ठेवली. ४८ तासांचा आला १.१.

१.१ हा आकडा लॅबच्या नॉर्मल हद्दीत बसतो. कुणाही अनोळखी कुत्र्याचा असता तर त्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण आमची पायाची ओळ ०.९ होती, आणि ४८ तासांत ०.३ ची वाढ झाली तर नॉर्मल हद्दीत असूनही किडनीला इजा झाली असं मानतात. आम्ही ०.२ वर होतो. डॉक्टर म्हणाले, मशीनचा एवढा फरक पडू शकतो, लघवी उत्तम आहे, पण सलाईन आज काढायचं नाही. ती रात्र मी पॅड तोलण्यात घालवली. गरजेपेक्षा जास्त वेळा, हे मान्य. बंड्या नरसाळ्यात तोंड घालून घोरत होता.

७२ तासांचा रिपोर्ट पुन्हा ०.९. फॉस्फरस, पोटॅशियम, सगळं जागेवर. सलाईन हळूहळू कमी करून बंद केलं, एकदम नाही. काही दिवसांनी आणखी एक रक्ततपासणी करून घेतली, तीही ठीक.

बिल भरताना भावाने डॉक्टरांना विचारलंच, "पण मग हे सगळं करायची खरंच गरज होती का?" डॉक्टर म्हणाले, "ते आता कधीच कळणार नाही. कदाचित उलटीत सगळं निघून गेलं असेल. कदाचित सलाईनने वाचवलं असेल. न लावता बघायची माझी तयारी नव्हती." मला हे उत्तर फार आवडलं. उगाच श्रेय घेतलं नाही आणि उगाच घाबरवलंही नाही.

घरात पाहुण्यांच्या बॅगा आता कपाटाच्या वरच्या फळीवर जातात, आणि आल्या आल्या 'काही खाऊ आणलाय का' असं आम्ही लहान मुलांसारखं विचारतो. बंड्याला फळं बंद केलेली नाहीत. बिया काढलेलं सफरचंद, कलिंगडाचा लाल भाग, पपई, आंब्याचा गर, केळ्याची एखादी चकती, ब्लूबेरी, हे सगळं मिळतं. मात्र वरच्या खाऊचं प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्श्यात बसवतो, कारण बीगलचा दुसरा शत्रू लठ्ठपणा.

डब्यातलं ते ओलं खाणं, ज्यात कोळसा कालवला होता, तेवढं मात्र त्याने कायमचं सोडलं. बशी समोर आली की हुंगतो आणि तोंड फिरवतो. मनुक्यांबद्दल त्याचं काहीही वाईट मत झालेलं नाही.